उभा राहा, आठव

दारावरची बेल वाजली की उकिडवे सरांना आधी चष्मा सापडत नसे आणि मग शब्द. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती, तरी नव्या माणसासमोर त्यांच्या तळहातांना घाम सुटे. वर्गात मात्र तसं कधी झालं नाही. खडू हातात आला की सर वेगळेच होत. त्यांच्या वतीने गणितच बोलत असे.

त्या सकाळी दारात तेहेतीस-चौतीस वर्षांची एक बाई उभी होती. पायांत जाड तळव्यांचे बूट, खांद्याला बॅग, डोळे तांबारलेले.

"सर, मी ऋजुता काळसेकर. नववी ब. खिडकीकडचा तिसरा बाक."

सर माणसं बाकांवरून ओळखत. खिडकीकडचा तिसरा बाक म्हणजे शांत मुलगी, वही नेटकी, अक्षर टपोरं. ते हसले आणि बाजूला होऊन त्यांनी तिला आत घेतलं. शरयूताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, चहा टाकला. चहा होईपर्यंत ऋजुता इकडचं तिकडचं बोलली, आणि समोर आल्यावर तिने कपाला हात लावला नाही.

"सर, तुमच्या सत्काराच्या वेळची ती लाकडी डबी अजून आहे का?" तिने विचारलं. "मला ती हवी आहे. आणि डबीबरोबर तुम्हीही."

मग तिने सगळं सांगितलं.

मळाईच्या डोंगरावर देवीला जायला रोपवे होऊन बारा वर्षं झाली होती. ऋजुता तिथली मुख्य चालक. खालच्या स्थानकातल्या नियंत्रण खोलीत ती, सहचालक पुष्कर भोईटे, आणि तिसरं 'संवादी'. संवादी म्हणजे बोलणारं यंत्र. आता ते सगळीकडे होतं: धरणांच्या दारांवर, वीज केंद्रांत, नोकरीच्या मुलाखतींत, शाळेच्या तोंडी परीक्षेतसुद्धा. कायदा असा होता की जिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न, तिथे यंत्राने निर्णय घ्यायचा नाही, विचारायचं. संवादी शेकडो मापं एका वेळी बघे, मुख्य चालकाला प्रश्न करी, आणि मिळेल ते उत्तर अमलात आणी. मुख्य चालक गप्प राहिला तर प्रश्न पुढच्या माणसाकडे जाई.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. आठ ट्रॉल्यांत मिळून एकतीस माणसं अधांतरी होती, आणि दरीतून वारा उठला. संवादीने विचारलं, "झोत वाढतायत. थांबवायचं, की हळूहळू चालवत आणायचं?" वारा समोरून असेल तर थांबलेलं बरं, बाजूने असेल तर थांबलेली ट्रॉली जास्त हेलकावते. तो कुठून येतोय हे तिसऱ्या मनोऱ्यावरच्या मापावरून कळतं, आणि ते माप वाचून मनात जुळवायला दोन श्वास लागतात. ऋजुताला एकच मिळाला. "ठीक आहे, पुढे विचारते," असं म्हणून संवादीने तोच प्रश्न पुष्करला केला. पुष्कर पडद्याकडे बघत राहिला. संवादी थांबलं. चांगले चार-पाच सेकंद थांबलं. मग पुष्कर म्हणाला, "थांबव."

ऋजुता ओरडेपर्यंत ट्रॉल्या थांबल्या होत्या. पाच नंबरची हेलकावत जाऊन मनोऱ्यावर आदळली. आतल्या एका आजींचा खांदा मोडला, आणि एकतीस माणसं दोन तास वर लटकून राहिली. नोंदीत लिहिलं गेलं: मुख्य चालक, प्रतिसाद नाही.

तिच्या नावावर वर्षातला हा तिसरा शेरा होता. तीन शेरे झाले की परवाना जातो. अकरा दिवसांनी साताऱ्याला सुनावणी होती.

"पुष्कर वाईट नाही हो," ती म्हणाली. "त्याने लिहून दिलंय, ही विचार करत होती म्हणून. पण यंत्राची नोंद हा पुरावा, आणि त्याचं म्हणणं म्हणजे सहकाऱ्याचा भिडस्तपणा."

तिने राज्यातल्या नियंत्रण खोल्यांमधल्या एकोणीस बायकांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. 'प्रतिसाद नाही' हा शेरा त्यांना पुरुषांच्या जवळजवळ चौपट मिळत होता. परवाने देणाऱ्या खात्याने त्यावरून निष्कर्षही काढून ठेवला होता: ताणाखाली बायकांना सुचत नाही. तो निष्कर्ष यंदापासून, कुणी पुढे काय शिकावं हे सांगणाऱ्या नववीच्या कल-पत्रकात उतरला होता. ऋजुताची भाची ओवी सरांच्याच शाळेत नववीला होती. तिच्या पत्रकात 'नियंत्रण-तंत्र' या विषयापुढे 'शिफारस नाही' असा शिक्का होता, आणि पुष्करच्या मुलाच्या पत्रकात शुश्रूषा आणि बालशिक्षण हे रकानेच छापलेले नव्हते. यंत्र बायकांना जो वेळ देत नव्हतं, तो लागणं हाच त्यांचा दोष ठरत होता, आणि पुरावा म्हणून त्याच यंत्राच्या नोंदी दाखवल्या जात होत्या.

"पण यात माझी डबी कुठे आली?" सरांनी विचारलं. विचारता विचारता त्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं.

माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला पापणी लवण्याइतकाच वेळ जातो. पण प्रश्न विचार करायला लावणारा असला की मध्ये शांतता पडते. ती शांतता दोन प्रकारची असते. एक भरलेली, आतमध्ये काहीतरी शिजत असलेली, दुसरी रिकामी. चांगला ऐकणारा माणूस श्वासावरून, घशातल्या हुंकारावरून दोन्हींतला फरक ओळखतो आणि त्याप्रमाणे थांबतो. यंत्राला हे आकडा देऊन शिकवता येईना. पाच सेकंद ठरवले तर कुणाला ते फार होत, कुणाला अपुरे पडत. म्हणून ते लहान मूल शिकतं तसं शिकवायचं ठरलं, माणसांचं ऐकून ऐकून. आणि खरे प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणारी माणसं कुठे सापडणार? वर्गात. राज्यभरातून चाळीस शिक्षक निवडले गेले. मुलांना ज्यांची भीती वाटत नाही असे. तीन वर्षं त्यांच्या वर्गांत ध्वनिमुद्रण चाललं. 'आदर्श पाठ संच' म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्या चाळिसांत गणिताचे दिगंबर उकिडवे होते. शाल, नारळ, सन्मानपत्र आणि स्वतःच्या पाठांची प्रत असलेली एक लाकडी डबी त्यांना मिळाली होती.

"मूळ संच सीलबंद आहे," ऋजुता म्हणाली. "मुलांची नावं आहेत त्यात, म्हणून संवादी बनवणारी कंपनी तो उघडत नाही. बाकीच्या शिक्षकांपैकी सहा जणांना मी गाठलं. डब्या हरवल्या, नाहीतर द्यायच्या नाहीत. आता तुम्हीच उरलात."

सरांनी कप खाली ठेवला. "माझ्या वर्गात मी कधी कुणा मुलीला टाकून बोललो नाही, ऋजुता."

"नाही सर. कधीच नाही. तुम्ही मला 'बस बाळ' म्हणायचात."

ती गेल्यावर सर बराच वेळ तिच्या निवलेल्या चहाकडे बघत बसले. त्यांना राग आला होता, आणि राग कुणाचा ते त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. कुणी काही म्हटलं तर ते मोजून बघायचं. कपाटातून डबी काढली, शाळेच्या प्रयोगशाळेतलं जुनं स्टॉपवॉच काढलं, रेघांची वही घेतली. ऋजुता चुकली आहे हे त्यांना सिद्ध करायचं होतं. तसं झालं तर तिला किती वाईट वाटेल याचाही त्यांनी विचार करून ठेवला, आणि तिची समजूत कशी घालायची याचाही.

पहिल्या दिवशी त्यांना स्वतःचा आवाज ऐकवेना. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच कुणाचा आहे असं समजून ते मोजत गेले. प्रश्न संपला की कळ दाबायची, सर पुन्हा बोलले की सोडायची. तिसऱ्या दिवशी चारशे बारा प्रश्न झाले. मुलांसाठी सरासरी साडेसात सेकंद. मुलींसाठी एक पूर्णांक एक.

त्यांनी टोकाचे आकडे वगळले आणि पुन्हा सरासरी काढली. मुलांची सात पूर्णांक दोन झाली. मुलींची होती तीच राहिली.

आकड्यांपेक्षा वाईट होतं ते ऐकणं. मुलगा अडला की सर म्हणत, "उभा राहा. आठव." आवाजात जरब असे. मुलगा उभा राहायचा, बाकाला नखाने खरवडायचा, पोरं फिदीफिदी हसायची, आणि दहाव्या-पंधराव्या सेकंदाला कुठून तरी उत्तर यायचं. मुलगी अडली की आवाज मऊ होई. "बस बाळ. घाबरू नकोस." आणि उत्तर सर स्वतःच सांगून टाकत. आपण इतके मायाळू होतो हे ऐकून सरांच्या अंगावर काटा आला.

त्याला कारण होतं, आणि ते त्यांना लख्ख आठवत होतं. नोकरीचं दुसरं वर्ष. इंदू नावाची एक मुलगी. त्यांनी तिलाही पोरांसारखंच उभं केलं होतं. ती उभ्या उभ्या रडली, वर्ग हसला, आणि पुढच्या सोमवारपासून ती शाळेत आली नाही. तिच्या वडिलांनी नाव काढून नेलं. त्या दिवशी सरांनी ठरवलं होतं की आपल्या वर्गात पुन्हा कुठल्याही मुलीला उभं राहून शरमावं लागणार नाही. तो शब्द त्यांनी तेहेतीस वर्षं पाळला.

शरयूताई भाजी निवडत होत्या. पोस्टात चौतीस वर्षं काढलेली बाई. बोलणं कमी, ऐकणं जास्त. सरांनी त्यांना आकडे सांगितले. त्यांनी मान हलवली आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला एक सांगायचं होतं. परवा ती..."

"गॅसवाली ना? सांगितलंय मी तिला, बुधवारी ये म्हणून."

शरयूताईंनी घेवड्याची शीर ओढून काढली. "गॅसवालीचं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

सर वहीकडे बघत बसले. मग स्टॉपवॉचकडे. कळ त्यांनी दाबलेली नव्हती, तरी किती सेकंद झाले असतील ते त्यांना कळलं.

सुनावणीला पाच दिवस उरले असताना कंपनीचे सबनीस आले. अदबशीर माणूस. सोबत पेढे आणि सरांच्या नावाने छापलेलं निमंत्रण घेऊन आले. शाळेत कंपनीच्या मदतीने नवं गणित दालन उभं राहत होतं, आणि त्याला 'दिगंबर उकिडवे गणित दालन' असं नाव द्यायचं ठरलं होतं. मुख्याध्यापकांचा आदल्याच दिवशी फोन येऊन गेला होता. सबनीसांचं म्हणणं एवढंच होतं की डबी जुनी झालीय, घरी खराब होईल, ती दालनात काचेच्या पेटीत ठेवू. आणि हो, काही लोक अशा जुन्या ध्वनिमुद्रणाचा भलता अर्थ लावतायत. सरांसारख्या माणसाचं नाव त्यात ओढलं जावं, हे कंपनीला बघवणार नाही.

सरांनी निमंत्रणावरच्या स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. उठावाची अक्षरं होती. आपण एक चांगले शिक्षक होतो, एवढी एकच गोष्ट त्यांना स्वतःविषयी खात्रीने माहीत होती. बाकी सगळ्यात ते मागेच राहिलेले. लग्नाच्या पंगतीत आग्रह करता येत नाही, बँकेत भांडता येत नाही, भावाने जमिनीचा तुकडा घेतला तेव्हाही तोंडातून शब्द फुटला नाही. डबी देऊन टाकली तर काय होईल? ऋजुताला दुसरी नोकरी मिळेल. हुशार आहे. हा विचार मनात आला आणि सरांना तो ओळखीचा वाटला. त्याचा आवाज मऊ होता. बस बाळ, घाबरू नकोस.

"मी विचार करून सांगतो," ते म्हणाले.

"सावकाश सर," सबनीस उठता उठता म्हणाले. "तुमच्यासाठी घाई कसली."

सुनावणीच्या सकाळी सर डबी आणि वही पिशवीत घालून निघाले. उंबऱ्याशी थांबून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू काय सांगणार होतीस?"

"आता नाही आठवत," शरयूताई म्हणाल्या. मग त्यांनीच सरांच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं. "या जाऊन. तोवर आठवून ठेवते."

साताऱ्याच्या कचेरीत लांबट टेबलापाशी सुनावणी समितीचे तिघे बसले होते. अध्यक्ष तांबवेकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. कामाशिवाय बोलणं नाही. एका बाजूला सबनीस आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला ऋजुता, तिच्यामागे पुष्कर भोईटे मान खाली घालून. टेबलाच्या मधोमध तांब्याएवढं एक काळं यंत्र होतं. साक्षी नोंदवण्याचं कामही आता संवादीच करत असे. प्रश्न समितीने आधी भरून दिलेले असत, ते विचारायचे आणि उत्तरं लिहून घ्यायची.

सर आलेले बघून सबनीसांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच थिजलं. वकील उठले. चाळीस शिक्षकांपैकी एकाचे पाठ, तेही एका म्हाताऱ्या गृहस्थाने हाताने मोजलेले, यावरून इतक्या मोठ्या यंत्रणेबद्दल काय ठरवणार, असं ते म्हणाले. शिवाय असा सेकंदांचा खेळ करताना बोट कळीवर मागेपुढे होणारच. तांबवेकरांना ते पटल्यासारखं दिसलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि यंत्राला सुरू करायला सांगितलं.

संवादीचा आवाज बाईचा होता, समजूतदार. "उकिडवे सर, आपल्या या मोजणीत चूक असण्याची शक्यता किती, असं आपल्याला वाटतं?"

नेमका हाच प्रश्न सर आठवडाभर स्वतःला विचारत होते. त्यांच्या तळहातांना घाम फुटला. चूक? कळीवर बोट पाव सेकंद उशिरा पडत असेल. मुलग्यांच्या बाबतीत जास्त पडत असेल? तसं असेल तर... त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. खोलीतला पंखा टकटक करत होता. सगळे आपल्याकडे बघतायत हे त्यांना कळत होतं, आणि आता आपण काहीच बोलू शकणार नाही, पोरीचं नुकसान होणार आपल्या या बुळेपणामुळे, हेही. ते ऋजुताकडे बघायचं टाळत होते. शेवटी त्यांनी बघितलं.

ऋजुता त्यांच्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

"सावकाश सांगा, सर," संवादी म्हणालं.

तेव्हा सरांना उमगलं. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं, हात मांडीवर ठेवले आणि ते गप्प बसले. आता ती शांतता त्यांनी ठरवून धरलेली होती. जन्मात पहिल्यांदा त्यांना आपल्या न बोलण्याची लाज वाटली नाही. पंखा टकटकत राहिला. सबनीसांनी वकिलांच्या कानात काहीतरी सांगितलं. वकील उठायला लागले, तोच सर तांबवेकरांना म्हणाले, "माझं उत्तर नंतर देतो. आधी या यंत्राला विचारा, मी किती वेळ गप्प होतो."

तांबवेकरांनी विचारलं.

"एकतीस पूर्णांक चार सेकंद," संवादी म्हणालं.

"मग पुढच्या माणसाकडे का गेलं नाही ते?" सरांनी विचारलं.

"सर विचार करत होते."

"आता असाच एखादा अवघड प्रश्न हिला विचारायला सांगा," सर म्हणाले. "रोपवेचा. तुम्हीच द्या."

वकिलांनी हरकत घेतली. तांबवेकरांनी ती ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली. अभियंत्याला प्रयोग दिसला की राहवत नाही. त्यांनी कागदावर चार ओळी खरडून यंत्रापुढे धरल्या. संवादीने वाचलं: वरून उतरणाऱ्या तीन ट्रॉल्या, दुसऱ्या मनोऱ्यावर दोर घासतोय, वीज जाण्याचा इशारा आलाय. आधी काय? ऋजुताने डोळे किंचित बारीक केले. छाती भरून श्वास घेतला. खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं की ती मनात ट्रॉल्या मोजतेय.

"ठीक आहे, पुढे विचारते," संवादी म्हणालं. "उकिडवे सर?"

तांबवेकरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"त्या काय करत होत्या?" तांबवेकरांनी यंत्राला विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

"प्रतिसाद नाही," संवादी म्हणालं.

मागे पुष्करने तोंडावर हात धरला. सबनीस हळूच म्हणाले की यंत्राला कुणी मुलगा-मुलगी असं काही शिकवलेलं नाही, ते शब्दही त्याच्यात नाहीत. ते खरं होतं. सर उठून उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण ते उभे राहिले.

"यांनी नाही शिकवलं," ते म्हणाले. "मी शिकवलं. शब्द न वापरता. मुलगा अडला की मी त्याला उभा करायचो. माझ्या मते ती शिक्षा होती. मुलगी अडली की तिला बसवायचो. माझ्या मते ती माया होती. शिक्षा म्हणून मुलांना जे मिळालं तो विचार करायचा वेळ होता, आणि माया करून मी मुलींचा तो काढून घेतला. यंत्राने माझं बघून तेच केलं. आज्ञाधारक विद्यार्थी आहे. मोजणीत माझी चूक पाव सेकंदाची असेल, साहेब. सहा सेकंदांची नाही. राहिलेल्या एकोणचाळीस जणांचे पाठ उघडा. त्यात मी एकटाच असा निघालो तर मला आनंद होईल. पण उघडा."

ते खाली बसले. डबी त्यांनी टेबलावर ठेवली. ती ठेवताना हात जरा रेंगाळला.

निकाल दीड तासाने लागला. मळाईच्या प्रकरणातला शेरा रद्द, परवाना कायम. आदर्श पाठांचा संच तीन महिन्यांत उघडून तपासायचा. तोवर सगळ्या नियंत्रण खोल्यांत संवादीने प्रत्येक माणसासाठी पूर्ण दहा सेकंद थांबायचं, आवाज कुणाचाही असो. कल-पत्रकांबद्दल समितीला अधिकार नव्हता. शिक्षण खात्याला पत्र जाणार होतं. पत्र पोहोचायला आणि वाचलं जायला किती दिवस लागतील, ते कुणी सांगू शकलं नाही. ओवीच्या पत्रकावरचा शिक्का त्या संध्याकाळीही तसाच होता.

एसटी स्टँडवर सरांच्या फोनवर मुख्याध्यापकांचा निरोप आला. गणित दालनाचा समारंभ काही कारणाने पुढे ढकलण्यात आला आहे, तारीख नंतर कळवू. सरांनी तो दोनदा वाचला. आपल्याला वाईट वाटणार नाही असं त्यांनी धरलं होतं. वाटलं. चांगलंच वाटलं. त्यांनी फोन खिशात टाकला आणि चष्मा पुसला.

ऋजुता त्यांना गाडीत बसवून द्यायला आली होती. कऱ्हाडची गाडी फलाटाला लागली. चढायच्या आधी सर घुटमळले.

"डबीत एक पाठ आहे," ते म्हणाले. "तू नववीत होतीस. मी विचारलं होतं: डोंगर चढताना माणसाचा वेग ताशी तीन किलोमीटर, त्याच वाटेने उतरताना ताशी सहा. तर सगळ्या वाटेचा सरासरी वेग किती? तू उभी राहिलीस. मी तुला नऊ दशांश सेकंद दिले. मग सुहास जगदाळेला उभा केला. त्याने आधी साडेचार सांगितले, मी त्याला तसाच उभा ठेवला, आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाला त्याने बरोबर चार काढले. टाळ्या वाजवल्या आपण." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तू तेव्हा काय सांगणार होतीस?"

ऋजुता हसली. "सर, एकोणीस वर्षं झाली."

"हो," सर म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत.

तिचं हसू हळूहळू मावळलं. ती स्टँडच्या पत्र्याकडे बघायला लागली. कंडक्टरबाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं. "आजोबा, येताय ना? सोडतेय गाडी." सरांनी हात वर केला, थांबा म्हणून की जा म्हणून, ते त्यांनाही माहीत नव्हतं. बाईंनी घंटी दिली. गाडी मागे आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. पुढची तासाभराने होती.

"तीन," ऋजुता म्हणाली. मग म्हणाली, "तीन, आणि परत तीन..."

तीन दोनदा कशाला? वेग दोनच आहेत, एक तीन, एक सहा. सुरुवातच चुकली. सरांच्या जिभेच्या टोकावर 'बस' आलं, त्यामागून 'बाळ' आलं. त्यांनी जीभ दातांखाली धरली. दुखेपर्यंत धरली.

"...कारण चढायला दुप्पट वेळ लागतो ना सर," ती पत्र्याकडेच बघत बोलत होती. "उतरायला एक वेळ धरला, तर चढायला तसे दोन. म्हणजे तीन दोन वेळा आणि सहा एकदा. तीन, तीन, सहा. बारा. भागिले तीन."

चौतीस वर्षं सरांनी हे उदाहरण वाटेची लांबी धरून, किलोमीटर मांडून, दोन ओळींत भागाकार करून सोडवलं होतं. ही वाट त्यांनी फळ्यावर कधी काढली नव्हती. ते काही बोलले नाहीत. ती अजून बोलत होती. उत्तर येऊन गेलं होतं, आणि आता ती स्वतःलाच विचारत होती की मध्ये सपाटीही असती तर काय केलं असतं.